साखर, चप्पल आणि गाण्यांचे गुण

कोल्हापूरची साखर परदेशी जाते, तशी चप्पलही जाते. साखरेच्या सौद्यात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. दाण्याची प्रत एस-३०, इकुम्सा म्हणजे साखर किती पांढरी हे सांगणारा आकडा अमुक, भाव लंडनच्या वायदेबाजाराकडे बघून ठरला, विषय संपला. घेणारा कुठला, काय खातो-पितो, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

चपलेचं तसं नाही. कापशी ही कोल्हापुरी चपलेचीच एक जात, ती कर्रकर्र वाजलीच पाहिजे, हा आपला हट्ट. नवी असताना ती चावणार, तेल पाजलं की पायाला बसणार, हेही आपण धरूनच चालतो. पॅरिसच्या गिऱ्हाइकाला हे कुणी सांगितलं नाही, तर आवाज आणि चावणं या दोन्ही त्याच्या दृष्टीने तक्रारीच!

दोन देशांतला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारानुसार वाढतो आणि अंतरानुसार घटतो, हे अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये मांडलं. पण अंतर नुसतं किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. १९९९ मध्ये जेम्स राउच यांनी मालाची वाटणी केली: ज्याचा भाव बाजारात जाहीर होतो तो एकीकडे, ज्याची पारख करावी लागते तो दुसरीकडे. समान भाषा आणि जुने वसाहती संबंध यांचं वजन दुसऱ्या मालाच्या व्यापारात जास्त पडतं, असं त्यांना दिसलं. पुढे २००९ मध्ये ग्विसो, सापिएन्झा आणि झिंगालेस यांनी युरोपातल्या जनमत चाचण्या चाळल्या. कोणत्या देशाचे लोक कुणावर किती विश्वास टाकतात, यावरही व्यापार हलतो, आणि त्या विश्वासात शतकांपूर्वीच्या लढायांचा हिशेब मुरलेला असतो.

संस्कृतीची जवळीक मोजायची कशी? मला सगळ्यात आवडलेली युक्ती फेल्बरमायर आणि तुबाल यांची. युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत देश एकमेकांच्या गाण्यांना गुण देतात, ते गुण त्यांनी घेतले. ग्रीस आणि सायप्रस तिथे एकमेकांना भरभरून गुण देतात, हे जगजाहीर आहे. काहींचं प्रेम मात्र एकतर्फी असतं, आणि गुणांत तेही पकडलं जातं. जिथे जवळीक जास्त, तिथे व्यापारही जास्त निघाला.

दरी असली तरी मधला माणूस ती बुजवतो. राउच आणि त्रिंदाद यांनी २००२ मध्ये दाखवलं, की देशोदेशी स्थायिक झालेल्या चिनी लोकांच्या ओळखीपाळखीमुळे व्यापार वाढतो, आणि तोही पारखून घ्यायच्या मालात अधिक. आपल्या गुळाचं वेगळं काय आहे? रंग आणि कणी बघून बोली लागते, गुजरातेत कसला गूळ खपतो हे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गुजराती व्यापाऱ्याला बरोबर ठाऊक असतं, आणि गुऱ्हाळवाला त्याच्या शब्दावर माल सोडतो.