मुंबईचं सांडपाणी : आधी दूर नेलं, स्वच्छ करायचं नंतर ठरलं

शाळेत सांडपाणी शुद्धीकरणाचा धडा आला की एक आकृती हमखास काढावी लागते. डावीकडून मैलापाणी येतं, लोखंडी जाळीतून जातं, खडी-वाळू खाली बसते, मोठ्या टाकीत गाळ बसतो, पुढच्या टाकीत हवा सोडतात आणि जिवाणू कामाला लागतात, शेवटी क्लोरीन. बाणांनी जोडलेल्या या टाक्या पाहून मुलांना वाटतं, शहरं पहिल्यापासून असंच करत आली असणार. मुंबईने तसं केलं नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ शहराच्या मोठ्या भागाने त्या आकृतीतली पहिली एक-दोन पावलंच टाकली आणि उरलेलं काम समुद्रावर सोपवलं. आज शहरात मैलापाणी शुद्ध करणारी सात मोठी केंद्रं एकदम का बांधावी लागताहेत, याचं उत्तर या इतिहासात आहे.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. सात बेटांच्या मधली खाजणं आणि खाड्या बुजवून मुंबई उभी राहिली. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून भरतीचं पाणी आत घुसायचं, ते अडवण्यासाठी १७८०च्या दशकात हॉर्नबी वेलार्ड हा बांध घातला गेला. आजचा हाजीअलीचा रस्ता त्याच्यावरूनच जातो. बांधामुळे भायखळा, कामाठीपुरा या बाजूला वस्तीला जागा मिळाली, पण ही जमीन भरतीच्या पातळीहून खालीच राहिली. पाणी आपोआप उतारावरून समुद्राला मिळावं, ही सोय शहराच्या मध्यभागाला कधी नव्हतीच. शहरातला मोठा उघडा नाला वरळीच्या बाजूला दारांपाशी संपत असे. भरतीला दारं बंद ठेवायची, ओहोटीला उघडायची. मधल्या तासांत सगळी घाण नाल्यात तुंबून राहायची.

त्यात १८६० साली विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. विहिरी आणि टाक्यांवर जगणाऱ्या शहरासाठी ही फार मोठी गोष्ट होती. पण घरात आलेलं पाणी वापरून बाहेर पडतं, आणि ते कुठे जाणार याची सोय कोणी केली नव्हती. मोऱ्यांतून येणारं पाणी एकाएकी वाढलं आणि आधीच तुंबणारे नाले ओसंडू लागले. पाणीपुरवठा आधी आणि निचरा मागून, हा क्रम मुंबईत पुढेही अनेकदा दिसतो. तुळशी १८७९मध्ये आलं, तानसा १८९२मध्ये, आणि प्रत्येक वेळी गटारांची व्यवस्था धापा टाकत मागून आली.

१८६०च्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले आणि माणसांचा लोंढा मुंबईत आला. १८६४च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर गेली. १८६५मध्ये आर्थर क्रॉफर्ड महापालिकेचे आयुक्त झाले आणि भूमिगत गटारांच्या योजनांना वेग आला. कॅप्टन हेक्टर टुलॉक यांच्यासारख्या अभियंत्यांनी आराखडे मांडले. वाद मात्र एका प्रश्नावर वर्षानुवर्षं अडून बसला: मैला टाकायचा कुठे? बंदराकडे, वरळीला, की शेतीला द्यायचा? शेवटी वरळीचा पर्याय टिकला. जमीन खोलगट असल्याने मैलापाणी पंपाने उचलून समुद्रात लोटणं भाग होतं आणि लव्हग्रोव्हचं उदंचन केंद्र त्यातूनच उभं राहिलं. आजही वरळीचं हे नाव महापालिकेच्या कागदोपत्री तसंच आहे. या सगळ्या चर्चेत ‘टाकायचा कुठे’ हा प्रश्न होता, ‘साफ कसा करायचा’ हा जवळजवळ नव्हता. तेव्हाच्या अभियंत्यांना त्याबद्दल फार दोष देता येत नाही, कारण साफ करण्याचं शास्त्रच अजून घडायचं होतं.

गटारं जिथे पोचली नव्हती तिथे मैला माणसं वाहत होती, आणि पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत ही माणसं कुठेच नसतात. गिरगाव, भुलेश्वर, मांडवीकडच्या जुन्या इमारतींच्या मागे अरुंद हाऊस गल्ल्या दिसतात. संडासाखालच्या टोपल्या तिथून उचलल्या जायच्या. हे काम करणाऱ्यांना हलालखोर म्हणत आणि १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यात या सेवेसाठी ‘हलालखोर कर’ नावाचा वेगळा करच होता. पुढे त्याचा मलनिःसारण कर झाला. पिढ्यान्‌पिढ्या हे काम दलित कुटुंबांच्याच वाट्याला आलं, त्यांतली कितीतरी गुजरात-काठियावाडातून आलेली. शहर त्यांच्या हातांवर जगलं आणि त्यांनाच दूर बसवत राहिलं. हाताने मैला वाहण्याला बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३चा, तो पुरा पडला नाही म्हणून दुसरा २०१३चा. गटारात उतरून मरण पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२३मध्ये सांगावं लागलं. म्हणजे ही माणसं अजूनही उतरताहेत आणि मरताहेत. विज्ञानाच्या तासाला टाक्यांची नावं पाठ करून घेताना हेही सांगितलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले आणि शहर हादरलं. अधिकाऱ्यांचा पहिला संशय गटारांवरच गेला. घाण हवेतून रोग होतो हा समज तेव्हा पुरता मावळला नव्हता, त्यामुळे गटारांतून समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडून ती धुऊन काढली गेली. प्लेग गटारातून येत नव्हता. तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत दाखवलं. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, गोष्ट वेगळी होती. ती दूषित पाण्यातून येते, हे जॉन स्नो यांनी लंडनमध्ये १८५४ सालीच नकाशावर मांडलं होतं, आणि तिचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४मध्ये कलकत्त्यात अभ्यासून नक्की केला. म्हणजे गटारांची खरी निकड पटकीसाठी होती. तरी पैसा आणि घाई आली ती प्लेगमुळे. १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढले गेले आणि पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती आखून वसवल्या गेल्या. निदान चुकीचं होतं, पण त्यातून झालेल्या कामांचा शहराला उपयोग झाला.

याच सुमारास मुंबईतच एक वेगळा प्रयोग चालू होता आणि त्याची माहिती आपल्या मुलांना क्वचितच मिळते. माटुंग्याला १८९०मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उघडला गेला. तेच आजचं वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ रुग्णालय. तिथल्या मैल्याच्या टाक्यांवर झाकण घालून आत तयार होणारा वायू साठवला गेला आणि १८९७च्या सुमारास त्यावर इंजिन चालवून दाखवलं गेलं. महापालिकेचे अभियंता कार्कीट जेम्स यांनी या कामाची नोंद लिहून ठेवली आहे. इंग्लंडमध्ये एक्सेटर इथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी सेप्टिक टाकी वापरात आणली ती १८९५-९६मध्ये, म्हणजे माटुंगा जगाच्या मागे नव्हतं. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत वेगळे जिवाणू मैल्याचं मिथेन करतात, हेच तत्त्व पुढे गोबरगॅसमध्ये आलं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सोप्या संडासांचे आणि मैल्याच्या खताचे प्रयोग केले ते स्वातंत्र्यानंतर. त्यांचा हेतू ऊर्जेपेक्षा मोठा होता: माणसाला माणसाचा मैला उचलावा लागू नये.

आकृतीतली हवा सोडायची टाकी मात्र मँचेस्टरची. १९१४मध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्या खेपेला पाणी पूर्ण साफ व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. वरचं स्वच्छ पाणी ओतून देऊन तळाचा गाळ त्यांनी टाकला नाही, त्यावर नवं मैलापाणी ओतलं आणि पुन्हा हवा सोडली. दर खेपेला वेळ घटत गेला आणि अखेर काम काही तासांवर आलं. कारण तो गाळ म्हणजे जिवंत जिवाणूंचे पुंजके होते. दही लावायला विरजण राखून ठेवतात, तसा तो गाळ राखून पुन्हा टाकीत सोडायचा. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. त्यामुळे हे ज्ञान भारतात यायला फार काळ लागला नाही. मुंबईला गरज वाटायला मात्र लागला.

पाणी किती घाण आहे हे मोजायची रीतही तेव्हाचीच. जिवाणूंना घाण खाताना किती ऑक्सिजन लागतो, तो मोजायचा. यालाच बीओडी म्हणतात. ब्रिटनच्या शाही आयोगाने १९१२मध्ये पाच दिवसांची चाचणी ठरवली आणि प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी लिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. ही चाचणी पुढे २० अंशांना स्थिरावली. आपल्याकडची हवा उष्ण, जिवाणूंचं काम जास्त वेगाने चालतं, म्हणून भारतीय मानकात ती २७ अंशांना तीन दिवस करतात. प्रयोगवहीत ‘तीन दिवस, २७ अंश’ लिहिताना तो आकडा आपल्या हवेतून आला आहे, हे मुलांना कळलं तर चाचणी लक्षात राहते.

मग मुंबई इतकी वर्षं थांबली का? कारण समुद्र. नदीकाठच्या शहराला खालच्या गावाची तक्रार ऐकावी लागते, समुद्र तक्रार करत नाही. नियमही तसेच होते. नदीत सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा ३० मिलिग्रॅम, किनाऱ्यावरच्या समुद्रात सोडायला १००. १९७९च्या बृहत् आराखड्यातून मुंबई मलनिःसारण प्रकल्प आकाराला आला. त्याच्या पहिल्या टप्प्यात, जागतिक बँकेच्या कर्जातून, वरळी आणि वांद्रे इथे समुद्रतळाखालून साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचे बोगदे खणले गेले. वांद्र्याचा २००३मध्ये सुरू झाला. चाळणी लावून, वाळू-खडी काढून मैलापाणी खोल समुद्रात सोडायचं आणि तिथे ते विरून जाईल, ही कल्पना. अभियांत्रिकी म्हणून काम अवघड होतं आणि किनाऱ्याला त्याचा फायदाही झाला. घाटकोपर, भांडुप आणि वर्सोव्याला हवा सोडणारी तळी झाली, तिथे जिवाणूंना थोडंफार काम मिळालं. मालाडचं पाणी मात्र चाळणीनंतर थेट खाडीत जात राहिलं. खाडी हा मोकळा समुद्र नव्हे. तिथे पाणी भरती-ओहोटीबरोबर पुढे-मागे होतं आणि घाण रेंगाळते. तिवरांत खेकडे आणि मासे धरणाऱ्या कोळ्यांना हे कोणी अहवालातून सांगायची गरज नव्हती.

२०१७मध्ये केंद्र सरकारने महानगरांसाठी बीओडीची मर्यादा २० मिलिग्रॅमवर आणली, २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १० सांगितली. इतक्या कडक मापात नुसती चाळणी बसत नाही. म्हणून वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुप इथे सात नवी मलजल प्रक्रिया केंद्रं ठरली आणि जानेवारी २०२३मध्ये त्यांचं भूमिपूजन झालं. त्यांची एकूण क्षमता रोज २४६ कोटी लिटरांची, त्यातलं सर्वांत मोठं वरळीचं, ५० कोटी लिटरांचं. कुलाब्याचं छोटं केंद्र त्याआधीच नव्याने बांधलं गेलं होतं.

एक गोष्ट मुलं स्वतः पाहू शकतील. मुंबईत पावसाच्या पाण्याच्या आणि मैल्याच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या शहरात दोन्ही एकाच नळात घातले तर नळ पुरायचा नाही. म्हणजे जानेवारीत, महिनोन्‌महिने पाऊस नसताना, नाले कोरडे असायला हवेत. घराजवळचा नाला किंवा मिठी नदी जाऊन पाहा. जे काळं पाणी वाहताना दिसेल ते बहुतेक वस्त्यांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी आहे, मलवाहिनीशी न जोडलेलं. सार्वजनिक संडासांच्या कितीतरी टाक्याही अशाच, कुठल्याही वाहिनीला न लागलेल्या. सातही केंद्रं पूर्ण क्षमतेने चालली तरी हे पाणी आपोआप त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. नाल्यांतलं हे कोरड्या दिवसांतलं पाणी अडवून मलवाहिनीत वळवणं आणि झोपडवस्त्यांत जोडण्या देणं, ही कामं केंद्रांच्या बांधकामाबरोबरच चालू राहावी लागतील.