उताराची उधारी

रविवारी एकवीस किलोमीटरची शर्यत धावलो आणि सोमवारी ऑफिसचा जिना उलटा उतरलो. म्हणजे तोंड वरच्या पायऱ्यांकडे, दोन्ही हात कठड्याला आणि एकेक पायरी चाचपत. गंमत अशी की सकाळी तेच दोन मजले सरळ चढून गेलो होतो, फारसं काही जाणवलं नव्हतं. दुपारी जेवायला खाली निघालो, पहिली पायरी उतरलो आणि मांडीच्या पुढच्या भागात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मंगळवारी तर त्याहून वाईट. ज्या चढांची आठवडाभर धास्ती घेतली होती त्यांनी पायांना फारसं काही केलं नव्हतं. वसुलीला आले होते ते उतार.

गोवा म्हटलं की बाहेरच्यांना सपाट किनारा दिसतो. इथं धावणाऱ्याला वेगळाच गोवा भेटतो. जांभ्या दगडाचे सपाट माथ्याचे सडे, त्यांना कापत जाणाऱ्या मांडवी-जुवारी आणि त्यांच्या उपनद्या, आणि तळाशी खाजनं, म्हणजे भरतीचं पाणी बांध घालून अडवलेली सखल जमीन. खाजन जवळपास समुद्रसपाटीला आणि सडा डोक्यावर, त्यामुळे कुठलाही रस्ता घ्या, तो कधी ना कधी वर चढणार आणि लगेच खाली येणार. पणजीत आल्तिनो, पलीकडे पर्वरी, वास्कोला सडा, आमच्या फोंड्याला फर्मागुडी. चोर्ला किंवा अनमोडच्या घाटासारखा तासभर चालणारा चढ इथं रोजच्या वाटेत नाही. आपले चढ पाच-दहा मिनिटांचे, पण ते पुन्हा पुन्हा येतात.

माझा सराव म्हार्दोळ ते फर्मागुडी. पहाटे म्हाळशीच्या देवळाकडून निघायचं, पाववाल्या पोदेराचा भोंपू मागे टाकायचा आणि वर लागायचं. सुरुवातीच्या दिवसांत बसथांब्यावर बसलेल्या एका आजोबांनी मला धापा टाकताना पाहून अगदी कळवळून विचारलं होतं, "कितें रे, बस चुकली?"

आता चढाचा हिशेब बघू. सपाट रस्त्यावर धावताना एका किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. माझं वजन ६८ किलो, म्हणजे किलोमीटरला ६८. हळू धावा की जोरात, किलोमीटरमागचा आकडा फार हलत नाही. तो हलवतो रस्त्याचा कल. अल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी डोंगरात शर्यती धावणाऱ्या दहा जणांना ट्रेडमिलवर चढवलं, ट्रेडमिल दोन्ही बाजूंना थेट ४५ टक्क्यांपर्यंत कलती केली आणि त्यांना किती प्राणवायू लागतो ते मोजलं, त्यावरून ऊर्जेचा खर्च कळतो. हा अभ्यास २००२ सालचा. त्यांच्या सूत्रात आकडे घालून पाहिले तर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे पाच टक्के चढावर, खर्च सपाटीपेक्षा ३० टक्के वाढतो. दहा टक्क्यांवर तो ६५ टक्क्यांच्या आसपास वाढतो. उलट पाच टक्के उतारावर २४ टक्के वाचतात, दहा टक्क्यांवर ४०. सगळ्यांत स्वस्त उतार वीस टक्क्यांचा, तिथं खर्च सपाटीच्या निम्माच. त्याहून तीव्र झाला की स्वतःला थोपवण्यातच ताकद जाते आणि खर्च पुन्हा चढतो.

हे आकडे पहिल्यांदा मांडले तेव्हा मी चक्रावलो. पाच टक्क्यांचा एक किलोमीटर चढा आणि तोच उतरा, तर एकूण खर्च दोन सपाट किलोमीटरांपेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त! कागदावर तरी उतार चढाची बहुतेक रक्कम परत करतो. मग आम्ही हौशी लोक शेवटच्या पाच किलोमीटरांत असे लंगडतो का?

थोडा दोष चढाच्या पहिल्या मिनिटाचा. चढ सुरू झाल्या झाल्या स्नायूंची मागणी वाढते, पण हृदय आणि फुप्फुसं ती पुरवायला एक-दोन मिनिटं घेतात. मधली तूट शरीर उसनवारीवर भागवतं. ए. व्ही. हिल यांनी गेल्या शतकाच्या विशीत याला 'प्राणवायूचं कर्ज' म्हटलं. १९२२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना स्नायूंवरच्याच कामासाठी मिळालं होतं. पहिले दोनशे मीटर चढ फुकट वाटतो तो यामुळे. आपण ऐटीत वेग तोच ठेवतो, आणि धाप लागते तेव्हा अर्धा चढ शिल्लक असतो. म्हणून चढावर घड्याळातल्या वेगाकडे बघू नये. सोबत्याशी एक पुरतं वाक्य बोलता येतंय का एवढं बघावं. नाही आलं तर पावलं लहान करावीत. वेग ताशी सहा-सात किलोमीटरच्या खाली गेला तर चक्क चालावं, त्या वेगाला चालणंच स्वस्त पडतं. यात लाज कसली ते मला अजून कळलेलं नाही.

दुसरा दोष दमट हवेचा. खर्च होणाऱ्या ऊर्जेतली तीन चतुर्थांशाहून जास्त नुसती उष्णता होते. माझ्या शर्यतीत सव्वाचौदाशे किलोकॅलरी गेल्या असं धरा, म्हणजे हजार-अकराशे किलोकॅलरींची उष्णता अंगाबाहेर टाकायची. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. वाळला तर! हनुवटीवरून ठिबकला तर तो काहीच नेत नाही. आणि आपल्याकडे पहाटे हवा सगळ्यांत गार असते तेव्हाच सापेक्ष आर्द्रता सगळ्यांत जास्त असते. त्यात चढावर आपण मंदावतो, त्यामुळे अंगावरून जाणारा वाराही मंदावतो. भट्टी मात्र तेवढीच पेटलेली. त्या शर्यतीत पाण्याचं टेबल चढ संपतो तिथं हवं होतं. आयोजकांनी ते उताराच्या पायथ्याशी मांडलं होतं, जिथं कोणालाच थांबायचं नसतं. (घरी येऊन मात्र पेज आणि लोणचं. मिठाच्या बाबतीत आपल्या आज्यांना कोणी शिकवायला नको.)

पण हे सगळं धरूनही माझा जिना सुटत नव्हता. तो सुटला १९५२ च्या एका प्रयोगात. अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचं, दुसऱ्याने आपल्या पायांवर चालून येणारं पेडल नुसतं थोपवायचं. जोर दोघांचा सारखाच, पण थोपवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. आखडत जोर लावणारा स्नायू खर्चिक. ताणला जाताना जोर लावणारा स्नायू स्वस्त.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू हेच थोपवायचं काम करतो. पाय टेकला की गुडघा वाकतो आणि शरीराचा भार झेलत तो स्नायू लांब होत जातो. रस्सीखेच आठवा. दोर आपल्याकडे ओढणं वेगळं, आणि समोरचे ओढत असताना टाचा रोवून घसरत जाणं वेगळं. दुसऱ्यात दम कमी लागतो, पण हाताची सालटी निघतात. स्नायूतही तसंच. ताणाच्या कामाला थोडेच तंतू लागतात, म्हणूनच ते स्वस्त. आणि थोडेच लागतात म्हणूनच एकेकावर भार जास्त. काही तंतूंची आतली रचना प्रमाणाबाहेर ताणली जाऊन विस्कटते. वर आदळणंही वाढतं: २००५ साली गॉटशॉल आणि क्रॅम यांनी नऊ अंशांच्या उतारावर मोजलं तेव्हा पाय आदळण्याचा जोर सपाटीपेक्षा ५४ टक्के आणि पुढून लागणारा ब्रेक ७३ टक्के जास्त निघाला. नऊ अंश म्हणजे सोळा टक्के, फर्मागुडीच्या हमरस्त्यापेक्षा बराच तीव्र. पण मोठी पावलं टाकत, टाच आपटत उतरणारा हौशी माणूस सौम्य उतारावरही स्वतःला चांगलाच बडवून घेतो.

विस्कटलेल्या तंतूंची डागडुजी सुरू झाली की सूज येते, मज्जातंतू हळवे होतात आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं. थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच हे उशिराचं दुखणं स्नायूतल्या फाटण्याशी जोडलं होतं. तरी दर शर्यतीनंतर कोणीतरी सांगतंच, "लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय रे, मालिश कर." ते तासा-दोन तासांत ओसरतं. शिवाय ते वाढतं चढावर. तसं असतं तर मला जिना चढताना रडू यायला हवं होतं.

यातली चांगली बातमी अशी की एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच मार बराच कमी लावून घेतो. एका सौम्य उताराचाही असा फायदा मिळतो. म्हणजे सराव चढाचा तर हवाच, पण शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी उतारही मुद्दाम धावून ठेवायला हवा. लहान, भराभर पावलं टाकायची, पाय शरीराच्या फार पुढे पडू द्यायचा नाही, आणि कमरेतून मागे रेलायचं नाही.

पुढची शर्यत डिसेंबरात आहे. तेव्हा सध्या रविवारी मी फर्मागुडीहून खाली म्हार्दोळला धावत येतो, थांब्यावर उभा राहतो आणि वर जाणारी बस पकडतो. पुन्हा खाली, पुन्हा बस. तिसऱ्या फेरीला कंडक्टरने तिकीट फाडताना माझ्या बुटांकडे पाहिलं. थांब्यावरचे आजोबा मात्र खूश आहेत. शेवटी पोराला बस मिळायला लागली.