वेमॉस डी१ मिनी

वेमॉस डी१ मिनी हा ईएसपी८२६६ चिपवरचा वाय-फाय बोर्ड आहे, आगपेटीपेक्षाही छोटा. घरच्या घरी स्मार्ट स्विच, तापमान मीटर, टाकीचं लेव्हल इंडिकेटर असलं काही बनवायचं ठरवलं की बरेच जण इथूनच सुरुवात करतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतो, पण बऱ्याचदा कॉपी असते, चालते मात्र तीही.

चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची (त्यांचं पुण्यातही ऑफिस आहे). २०१४ मध्ये एआय-थिंकर या चिनी कंपनीचं, हीच चिप असलेलं ईएसपी-०१ हे आठ पिनांचं मॉड्यूल बाजारात आलं, माहिती सगळी चिनीत, आणि काम काय तर दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरने (छोट्या कंट्रोल चिपने) एटी कमांड म्हणजे मजकुरातल्या सूचना पाठवायच्या, या मॉड्यूलने नेटला जोडून द्यायचं. पण आत ३२ बिटचा ८० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता, हौशी लोकांच्या आवडत्या अर्डुइनो उनो बोर्डाचा ८ बिट आणि १६ मेगाहर्ट्झ, मग उनो हवाच कशाला? एस्प्रेसिफने त्याच वर्षी एसडीके (चिपसाठी प्रोग्रॅम लिहायची साधनं) दिलं, २०१५ मध्ये अर्डुइनो आयडीई या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमधून प्रोग्रॅम करता यायला लागला आणि पुढे गाडी सुसाट. डी१ मिनीने त्याच चिपला यूएसबी सॉकेट, व्होल्टेज ३.३ वर आणणारा रेग्युलेटर आणि प्रोग्रॅम साठवायला ४ एमबी फ्लॅश मेमरी जोडून दिली एवढंच, पण त्यामुळे वायरींचा गुंता गेला.

कोड स्वतः लिहा नाहीतर टास्मोटा किंवा ईएसपीहोम ही तयार सॉफ्टवेअर बोर्डात टाका, ईएसपीहोममध्ये तर कोणता सेन्सर कुठल्या पिनवर एवढंच लिहायचं आणि पुढचे अपडेट वाय-फायवरूनच जातात. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) चालवलं की सगळं घरातल्या घरात राहतं, इंटरनेट बंद पडलं तरी स्विच चालतो. दुकानातले बरेच स्मार्ट प्लग कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असतात, म्हणून ही खटपट, नाहीतर तयार प्लग काय वाईट आहे.

पिन मात्र नीट बघून घ्यायच्या. डी३, डी४ आणि डी८ या तिन्हींवरून चिप सुरू होताना कुठल्या मोडमध्ये जायचं ते ठरवते, तिथे रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) लावला तर बोर्ड बूटच होत नाही किंवा लाईट आल्या आल्या रिले उगाच टकटक करतो. रिलेसाठी डी१, डी२ घ्या. अ‍ॅनालॉग पिन, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजणारी, एकच, ए०.

आपल्याकडे खरी परीक्षा लाईट जाऊन आल्यावर होते. बोर्ड काही सेकंदात उठतो, राउटरला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तोवर यानं गप प्रयत्न करत राहायचं आणि मोटर बंदच ठेवायची, म्हणून रिलेची सुरुवातीची स्थिती कायम 'बंद' ठेवतात. उलट प्रकार पण होतो, बोर्ड इन्व्हर्टरवर आणि राउटर मेलेला, तर ईएसपीहोम १५ मिनिटं कनेक्शन मिळालं नाही की स्वतःच रीस्टार्ट होतं, ही डीफॉल्ट सेटिंग आहे, ती शून्य केली नाही तर चालू असलेली गोष्ट मधेच बंद पडते आणि कारण सापडता सापडत नाही. अजून एक, हा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, ५ वालं नेटवर्क याला दिसतच नाही.

पाण्याची मोटर थेट छोट्या रिलेवर लावू नका, रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी मोटर सुरू होताना करंट कितीतरी पट जातो आणि कॉन्टॅक्ट चिकटतात, मग मोटर बंदच होत नाही. रिलेने कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा मोठा रिले) चालवायचा, कॉन्टॅक्टरने मोटर. २३० व्होल्टची वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच.

बॅटरीवर चालवायचं तर डीप स्लीप, म्हणजे मधल्या वेळात चिप जवळपास बंद ठेवणं, लागते, डी० आणि रीसेट पिन वायरने जोडल्या की टायमरने स्वतः जागा होतो. त्या झोपेत चिप २० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, पण बोर्डवरचा रेग्युलेटर आणि यूएसबी चिप त्याहून जास्त खातात, त्यामुळे जाहिरातीत सांगितलेलं कित्येक महिन्यांचं बॅटरी आयुष्य प्रत्यक्षात मिळत नाही.

२०१६ मध्ये एस्प्रेसिफचीच पुढची चिप ईएसपी३२ आली, दोन कोर, ब्लूटूथ, पिनाही भरपूर. एका बल्बासाठी ती घेणं म्हणजे उधळपट्टीच, कॅमेरा किंवा ब्लूटूथ हवं असेल तर मात्र डी१ मिनीचा काही उपयोग नाही.