पाळणाघरे, मुंबईतील

नोकरी वा मजुरी करणाऱ्या पालकांची लहान मुले दिवसभर सांभाळण्याची व्यवस्था. गिरणीच्या आवारातील खोली, बांधकामावरील पत्र्याची शेड आणि सोसायटीतल्या एखाद्या काकूंचे घर असे तिचे प्रकार शहरात आढळतात.

उगम व कायदा : मुंबईत ही सोय केव्हा सुरू झाली याबाबत एकमत नाही, साधारणतः पहिल्या महायुद्धानंतरचा काळ धरतात. तिचे श्रेय काही जण गिरणीमालकांच्या कल्याणकार्याला देतात. मात्र मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांच्या पाहणीत (१९२२) गिरणीकामगार स्त्रियांच्या जवळपास सर्वच तान्ह्या मुलांना, आई कामावर असताना ती झोपून राहावीत म्हणून, अफू दिली जात असल्याचे नोंदले आहे. ते पाहता अशा सरकारी चौकश्यांचा आणि कामगार चळवळीचा रेटा अधिक प्रभावी ठरला असावा. मुंबई प्रांताचा १९२९ चा प्रसूती लाभ कायदा उगमाच्या संदर्भात उद्‌धृत होतो. तो रोख भत्त्यापुरता होता. पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखण्याचा नियम करण्याची मुभा प्रांतांना १९३४ च्या कारखाने अधिनियमाने दिली. १९४८ च्या अधिनियमाच्या कलम ४८ ने ती खोली बंधनकारक झाली. १९७६ मध्ये पन्नासची अट तीसवर आली, पण तोवर गिरण्यांतील स्त्रियाच बऱ्याच घटल्या होत्या.

बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मुंबईत १९७२ पासून ‘मोबाइल क्रेशेस’ या स्वयंसेवी संस्थेने कामाच्या जागीच पाळणाघरे चालवली. त्यासंबंधीची कायदेशीर तरतूद १९९६ ची. पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे करणारी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ देणारी केंद्राच्या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातील दुरुस्ती २०१७ ची.

परवाना : वरील सर्व तरतुदी मालकावर जबाबदारी टाकणाऱ्या. घरगुती व खासगी पाळणाघरे त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. त्यांच्यासाठी राज्यात स्वतंत्र परवाना कायदा दीर्घकाळ नव्हता. खारघर येथील मारहाणीच्या प्रकरणानंतर (नोव्हेंबर २०१६) नियमनाची मागणी वाढली.

अर्थसाहाय्य : राज्याची मदत पाळणाघराच्या फीसाठी नसून कुटुंबासाठी आहे. बालसंगोपन योजनेत अनाथ वा एकपालक मुलांना दरमहा २,२५० रुपये मिळतात (२०२३ पासून). ‘लेक लाडकी’ योजनेत पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांतील मुलींना जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये देण्याची तरतूद आहे.