नदीच्या क्रूझवर ‘बोट लागते’?

ग्रुपचा नदीच्या क्रूझचा बेत ठरला की कोणीतरी हमखास म्हणतं, “मला बोट लागते, मी नाही येत.” ही भीती समुद्रावरून उसनी आणलेली आहे. बोट लागते ती लाटांच्या संथ हेलकाव्यांनी. कान सांगतो हलतोय, डोळे सांगतात स्थिर आहोत. नदीत तशा लाटा उठायला मोकळं पाणीच नसतं. शिवाय ही जहाजं सपाट तळाची आणि वेगाने बेताची. युरोपातल्या ऱ्हाईन-डॅन्यूब नद्यांवरची मोठी जहाजं सुमारे 135 मीटर लांब, पण रुंदी जेमतेम 11.4 मीटर, कारण या दोन नद्यांना जोडणाऱ्या माइन नदी आणि कालव्यावरच्या जलपाशांची (जहाज वर-खाली नेणाऱ्या, दरवाजे असलेल्या पाण्याच्या कप्प्यांची) रुंदी 12 मीटर. आत शिरताना भिंत हाताला लागेल इतकी जवळ येते. (हात बाहेर काढू नये, हे ओघाने आलंच.) अगदीच हळव्या माणसाला इंजिनाची थरथर जाणवेल, इतकंच.

काळजी करायचीच तर पाण्याच्या पातळीची करा. ऑक्टोबर 2018मध्ये ऱ्हाईनवरच्या जर्मनीतल्या काउब इथल्या मापकावर पातळी 25 सेंटिमीटरपर्यंत उतरली होती (हा मापकावरचा आकडा, नदीची खोली नव्हे). पाणी इतकं उतरलं, तर मोठी जहाजं अडतात. पाणी फार चढलं, तर जहाज पुलाखालून जात नाही. अशा वेळी काही टप्पे बसने होतात. बुकिंगआधी ग्रुपने त्याबद्दलच्या अटी वाचाव्यात; बोट लागण्यावरच्या गोळ्या घरी राहिल्या तरी चालतील.