वस्तरा : जतन व गंजप्रतिबंध

अखंड पोलादी पात्याचा, मुठीत मिटणारा वस्तरा दोन वापरांच्या मधल्या काळात कोरडा व धारदार राखण्याची रीत. कात्री, नराणी (नखे काढण्याचे हत्यार), चिमटा यांच्यासह वस्तरा ठेवण्याची जागा म्हणजे नाभिक व्यावसायिकाची धोकटी. सातारा व सांगली जिल्ह्यांत बलुतेदारीच्या काळात ही धोकटी काखेला मारून घरोघर फिरण्याची पद्धत होती. निसण्यावर (धारेच्या दगडावर) धार लावणे आणि पट्ट्यावर घोटणे हा स्वतंत्र विषय असून येथे केवळ साठवणीचा विचार केला आहे.

प्राचीन उल्लेख : वस्तरा (क्षुर) वैदिक वाङ्मयात येतो; अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातील एक सूक्त क्षौरकर्माशीच निगडित आहे. साठवणीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो बृहदारण्यक उपनिषदातील दृष्टांत. आत्मा देहात नखाग्रांपर्यंत कसा शिरून राहिला आहे हे सांगताना तेथे क्षुरधानात ठेवलेल्या वस्तऱ्याची उपमा दिली आहे. हाच दृष्टांत कौषीतकी उपनिषदातही आढळतो. बृहदारण्यकाचा काळ सामान्यतः इ. स. पू. सातवे-सहावे शतक मानला जातो, मात्र त्याबाबत एकमत नाही. क्षुरधान म्हणजे एकाच वस्तऱ्याचे म्यान, असे काही अभ्यासक धरतात. शंकराचार्यांच्या भाष्यात मात्र नापिताची साधने ठेवण्याचे पात्र असा अर्थ दिलेला आहे, म्हणजे आजच्या धोकटीच्या जवळचा. पाते पूर्ण आत जाऊन दिसेनासे होते हा दृष्टांताचा गाभा दोन्ही अर्थांनी साधतो. पण नखाग्रांपर्यंत व्यापून राहण्याचा भाव घट्ट बसणाऱ्या म्यानाने अधिक चांगला उमटतो, हेही नाकारता येत नाही.

दुसरा वाद पाली विनयपिटकातील, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथातील आहे. त्यातील चुल्लवग्ग या भागाच्या पाचव्या खंधकात (प्रकरणात) भिक्षूंना वस्तरा, त्याचा दगड, ‘खुरसिपाटिका’, ‘नमतक’ व न्हाव्याचे सर्व साहित्य वापरण्याची अनुज्ञा आहे. 1885 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऱ्हिस डेव्हिड्स व ओल्डेनबेर्ग यांच्या इंग्रजी भाषांतरात खुरसिपाटिकेचा अर्थ गंज रोखण्यासाठी डिंकापासून केलेली पूड असा घेतला गेला. पुढे विनयपिटकाच्या भाषांतरकार आय. बी. हॉर्नर यांनी ती वस्तऱ्याची पिशवी वा म्यान मानली. पाली अट्ठकथेचा (जुन्या टीकेचा) कलही तिकडेच आहे. पहिला अर्थ सुचला असावा तो त्याच खंधकातील सुयांच्या प्रकरणावरून. तेथे सुया गंजू नयेत म्हणून सुईची नळी सातूच्या पिठाने किंवा दगडाच्या भुकटीने भरण्याची व मेणाचा हात देण्याची मुभा आहे. म्यानाचा अर्थ अधिक ग्राह्य दिसतो. तरीही सुयांचे प्रकरण स्वतंत्रपणे मोलाचे आहे. कोरडी भुकटी आणि मेण हे गंजावरचे दोन्ही उपाय त्या काळी ठाऊक होते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. नमतक म्हणजे बहुधा बुरणुसाचा (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा) तुकडा.

गंजाचे कारण : वस्तऱ्याच्या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण 1 टक्का असते व क्रोमियम नसते किंवा नाममात्र असते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 60 टक्क्यांच्या वर गेली की अशा पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरतो. त्यात घामाचे क्षार मिसळले की गंज वेगाने चढतो. पात्याच्या पाठीवर ठिपका पडला तर तो घासून निघतो. धारेची कड मात्र मायक्रोमीटरच्याही आतबाहेर जाडीची असते, त्यामुळे तिथे डाग दिसण्याआधीच धार गेलेली असते. ‘कालपर्यंत चांगला चालत होता, आज ओढतो’ ही तक्रार पुष्कळदा याच अदृश्य गंजाची असते. गंजाची सुरुवात बहुतेक वेळा पाते व मूठ जोडणाऱ्या खिळीपाशी होते. तेथे पाते व मूठ यांच्या फटीत साबणाचे पाणी शिरते आणि वस्तरा मिटला की ते वाळतच नाही.

सातारा-सांगलीचे हवामान : एकाच पद्धतीने वस्तरा सर्वत्र टिकेल असे या दोन जिल्ह्यांत म्हणता येत नाही. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत हे तालुके जेमतेम 500 मिमी.च्या आसपास राहतात. दहिवडीला नुसता पुसून ठेवलेला वस्तरा तग धरतो. पाचगणीला तेवढ्याने भागत नाही. येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. वस्तरा गंजतो तो वापरात नव्हे, पडून असताना. अनेक घरांत श्रावण पाळतात व महिनाभर दाढी करीत नाहीत. पितृपक्षातही क्षौर वर्ज्य मानतात. म्हणजे हवा सर्वांत दमट असते त्याच दिवसांत वस्तरा सर्वांत कमी चालतो. ज्या सलूनला सोमवारची सुट्टी असते तेथे रविवारी रात्री ओला मिटलेला वस्तरा थेट मंगळवारी उघडतो.

तेल व वेष्टन : काम संपताच पाते कोमट पाण्याने धुऊन, मऊ सुती फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसावे व मूठ उघडी ठेवून हवेशीर जागी सुकू द्यावे. फटीतील पाणी फडक्याचे टोक पिळून आत सरकवून टिपता येते. नंतर पट्ट्यावर दोन-चार हात मारले की कडेवरचा उरलेला ओलावा निघतो. त्यावर तेलाचे बोट. कोणते तेल, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. करडईचे तेल या भागात सहज मिळते, परंतु ते हवेत सुकून चिकट पापुद्रा धरते; करडईचे तेल तापवून रोगण करतात ते याच गुणामुळे. जवसाचे तर त्याहून लवकर सुकते. शेंगदाण्याचे तेल सुकत नाही, पण कालांतराने खवट व आम्लधर्मी होते. खोबरेल तेल सुमारे 24 अंश सेल्सियसखाली थिजते, म्हणून थंडीत ते सारखे पसरत नाही. दीर्घ साठवणीला शिलाई यंत्राचे खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली श्रेयस्कर. चामड्याची धोकटी वाहून नेण्यास उत्तम, महिनोन्‌महिने ठेवण्यास नाही. चामडे ओलावा धरते आणि कमावताना वापरलेली आम्ले व क्षार त्यात राहतात. तेल लावलेला वस्तरा मेणकागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवावा. डब्यात कळीच्या चुन्याचा खडा फडक्यात बांधून, पात्याला न लागेल असा ठेवल्यास तो ओलावा शोषतो. कापराची वडी ठेवण्याचीही चाल आहे. तिचा उपयोग तेलाच्या तुलनेत दुय्यमच मानावा.

तुरटी आम्लधर्मी आहे. गालावर खडा फिरवलेल्या ओल्या हाताने वस्तरा मिटणे हे गंजाचे नेहमीचे निमित्त. विरंजक द्रव (ब्लीच) जंतू मारतो, पण पात्याला खड्डे पाडतो. उकळत्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकल्यास निर्जंतुकीकरणात पाते गंजत नाही. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी कुजू लागल्या की आम्लवायू सोडतात. असा वस्तरा इतरांपासून वेगळा ठेवावा.

खंडेनवमीला हत्यारे घासूनपुसून पूजतात. पावसाळ्यानंतरची ही तपासणी अत्यंत उपयुक्त आहे. मात्र पात्यावर ओले हळदकुंकू रात्रभर राहिल्यास सकाळी त्याखाली तपकिरी ठसा सापडतो.

सलूनमध्ये आता बदलत्या ब्लेडचा वस्तरा रूढ आहे. ब्लेड दर गिऱ्हाइकाला नवे असले, तरी ते बसवण्याची खोबण तीच राहते आणि पाणी तिथेच साचते. रोज रात्री ब्लेड काढून खोबण कोरडी करणे हाच त्यावर उपाय.