‘पार्टीचा फोन येईल, साहेब’

‘कोटेशन पाठवलंय, साहेब. पार्टीचा फोन येईल.’ सोमवारच्या बैठकीत हे वाक्य ऐकलं नाही असा विक्रीप्रमुख शोधून सापडायचा नाही. पार्टीचा फोन येत नाही. पंधरा-वीस दिवसांनी कुठून तरी कळतं की त्यांनी दुसऱ्याकडून माल घेतला. मग केबिनमध्ये बोलावणं होतं, आवाज चढतो, ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ असा प्रश्न होतो. त्यानंतर चार दिवस फोन जातात आणि पाचव्या दिवसापासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझं ठाम मत असं की इथे निदान चुकतं. पाठपुरावा न करणं हे वरून एकसारखं दिसलं तरी त्यामागे किमान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: विसरणं, टाळणं आणि पगाराच्या रचनेनं शिकवलेला हिशेब. ‘आळशी आहे’ हे चौथं कारण आपल्याला सगळ्यांत आधी सुचतं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना माणूस परिस्थितीपेक्षा स्वभावावर बोट ठेवतो, ही प्रवृत्ती मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये नेमकेपणानं मांडली होती. विक्रीखात्यात ती रोज बघायला मिळते.

हा दोष एखाद्या माणसापुरता नाही, हे आधी आकड्यांत बघू. जेम्स ओल्डरॉइड आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये 2,241 अमेरिकी कंपन्यांची पाहणी मांडली. संकेतस्थळावरून चौकशी केल्यावर तासाभरात उत्तर देणाऱ्या कंपन्या 37 टक्के होत्या. 24 टक्के कंपन्यांनी एका दिवसापेक्षा जास्त वेळ घेतला आणि 23 टक्क्यांनी उत्तरच दिलं नाही. म्हणजे स्वतःहून दारात आलेल्या गिऱ्हाइकाकडे जवळपास प्रत्येक चौथ्या कंपनीनं पाठ फिरवली! त्यांच्याच दुसऱ्या एका पाहणीत तासाभरात संपर्क करणाऱ्यांची निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणी होण्याची शक्यता, त्यानंतर तासभर उशिरानं फोन करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे सातपट होती. तत्पर कंपन्या इतर बाबतींतही चांगल्या असणार, तेव्हा सगळं श्रेय त्या एका तासाला देता येणार नाही. तरी फरक मोठा आहे.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली आणि घराच्या छतावर सौर पॅनेल बसवायला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं. पुण्या-नाशिकपासून लातूर-अकोल्यापर्यंत पॅनेल बसवून देणारे कितीतरी व्यावसायिक उभे राहिले. विक्रेता घरी जातो, छत मोजतो, वीजबिल बघतो, तीन किलोवॅटचं कोटेशन देतो. पुढे त्या घरात काय होतं? मुलगा म्हणतो, दिवाळीनंतर बघू. आईला गच्चीवर पापड-कुरडया कुठे वाळवायच्या ही चिंता. वडील दुसरं कोटेशन मागवतात. कुणीच ‘नको’ म्हणत नाही, पण हो म्हणायलाही कुणी पुढे येत नाही. आहे ते तसंच चालू ठेवण्याकडे माणसाचा कल असतो, हे विल्यम सॅम्युएल्सन आणि रिचर्ड झेकहाउझर या अभ्यासकांनी 1988 मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं. गिऱ्हाइकाचं गप्प राहणं म्हणजे नकार नव्हे. बहुतेक वेळा निर्णय नुसता लोंबकळत पडलेला असतो, आणि त्याला हलवायला विक्रेत्याचा फोन लागतो.

मग तो फोन का जात नाही? आधी विसरणाऱ्याकडे वळू.

झालेलं आठवणं वेगळं आणि करायचं असलेलं आठवणं वेगळं. या दुसऱ्या प्रकारच्या स्मृतीवर गाइल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल यांनी 1990 पासून बरंच काम केलं. (हे आइनस्टाइन मानसशास्त्रातले.) काही कामांना बाहेरची खूण असते: अमुक माणूस दिसला की निरोप द्यायचा. काहींना फक्त वेळ असते: गुरुवारी साडेतीनला फोन करायचा. दुसरा प्रकार अवघड, कारण गुरुवारचे साडेतीन वाजले हे सांगायला कुणी येत नाही. मेंदूला स्वतःच घड्याळावर नजर ठेवावी लागते. पाठपुरावा नेमका असा असतो. त्यातून आपला विक्रेता त्या वेळी मोटरसायकलवर असतो किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर बसलेला असतो.

याहून मोलाचं निरीक्षण मायकेल बर्न आणि सुझन बोव्हेअर यांच्या 1997 च्या शोधनिबंधात आहे. मुख्य हेतू साधल्यावर उरलेली शेवटची पायरी माणसं बऱ्याचदा विसरतात. झेरॉक्स काढून झाली की मूळ कागद यंत्रातच राहतो. एटीएममधून नोटा हातात आल्या की कार्ड राहून जातं. हेतू पूर्ण झाला, की त्या कामाशी जोडलेलं सगळंच मनातून खाली उतरतं. यावर लोकांना दरडावून उपयोग नव्हता. अनेक ठिकाणी यंत्राचा क्रमच बदलला गेला: आधी कार्ड काढून घ्या, मगच नोटा मिळतील. माणूस तोच, त्याची स्मरणशक्तीही तीच, पण विसरायला जागा उरली नाही.

विक्रेत्याच्या मनात कोटेशन म्हणजे त्या नोटा असतात, असं मला वाटतं. मोजमाप झालं, दर ठरला, पीडीएफ गेली. काम ‘झालं’. म्हणून उपायही तोच: क्रम बदला. पुढच्या बोलण्याची तारीख गिऱ्हाइकाकडूनच ठरवून घेतल्याशिवाय कोटेशन बाहेर जाता कामा नये. ‘काका, हे घरात सगळ्यांनी बघून घ्या. शनिवारी अकराला फोन करतो, तेव्हा मुलगाही घरी असेल ना?’ एवढं वाक्य बोलून झालं, तारीख नोंदली गेली, की मग पीडीएफ. यात एक जास्तीचा फायदा आहे. शनिवारचा फोन आता आगंतुक राहत नाही, तो ठरलेला असतो.

‘कधी, कुठे, कसं’ हे आधी ठरवण्याचा परिणाम पीटर गोल्विट्झर यांनी जर्मनीत तपासला. वेरोनिका ब्रँडस्टेटर यांच्यासोबतच्या 1997 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळाच्या सुट्टीत दोन दिवसांत एक छोटं टिपण लिहून पाठवायचं होतं. नेमकी वेळ आणि जागा आधी ठरवून घेतलेल्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांशांनी ते वेळेत केलं. बाकीच्यांत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास राहिलं. प्रत्यक्ष जगात परिणाम इतका घसघशीत नसतो, हेही सांगायला हवं. कॅथरिन मिल्कमन यांनी 2011 मध्ये एका अमेरिकी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लशीची तारीख आणि वेळ फक्त कागदावर लिहायला सांगितली, तेव्हा लस घेणारे दर शंभरात सुमारे चार जणांनी वाढले. पण त्यासाठी खर्च जवळजवळ शून्य होता.

आता दुसरा प्रकार, म्हणजे टाळणारा, जो मला सगळ्यांत दुर्लक्षित वाटतो. हा माणूस काहीच विसरलेला नसतो. ज्याला फोन करायचा त्या गिऱ्हाइकाचं नाव त्याच्या डोक्यात दिवसभर असतं आणि म्हणूनच तो फोन करत नाही.

विलेम व्हर्बेक आणि रिचर्ड बॅगोझी यांनी 2000 मध्ये विक्रेत्यांना गिऱ्हाइकाशी बोलायची जी भीती वाटते, तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना तिचे चार घटक सापडले: स्वतःबद्दल वाईट मत, गिऱ्हाइक आपल्याला वाईट ठरवेल ही धास्ती, घाम आणि धडधड यांसारखी शारीरिक लक्षणं, आणि स्वतःला वाचवण्याच्या हालचाली. शेवटचा घटक प्रमुखाच्या नजरेतून निसटतो, कारण तो कामासारखा दिसतो. एक्सेल शीट सुबक होते, ब्रोशर पुन्हा लावली जातात, फोनऐवजी व्हॉट्सॲपवर ‘सर, काही निर्णय?’ एवढंच जातं आणि निळ्या टिकांची वाट बघितली जाते. फोन टाळला की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि हे सुटणंच टाळण्याची सवय पक्की करतं.

गंमत म्हणजे या भीतीचा अंदाज बऱ्याचदा चुकलेला असतो. फ्रँक फ्लिन आणि व्हेनेसा बोन्स यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांकडे छोटी मदत मागायला पाठवलं. किती जणांना विचारावं लागेल याचा त्यांनी आधी बांधलेला अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. समोरचा आपल्याला झिडकारेल याची जेवढी खात्री आपल्याला असते, तेवढी माणसं तुसडी नसतात. मार्टिन सेलिगमन आणि पीटर शुलमन यांनी 1986 मध्ये आयुर्विमा विक्रेत्यांबद्दल दाखवलेली गोष्टही इथे जोडावी लागेल. अपयशाचा अर्थ आशेनं लावणाऱ्या निम्म्या गटानं पहिल्या दोन वर्षांत उरलेल्या निम्म्यांपेक्षा 37 टक्के जास्त विमा विकला. फोन उचलला नाही, तर एक जण म्हणतो ‘मीटिंगमध्ये असतील’; दुसरा म्हणतो ‘मला हे जमतच नाही’.

अशा माणसाला सगळ्यांसमोर झापलं तर काय होईल? अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये कामावरच्या अभिप्रायाचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीनं अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक-तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा बिघडलं. लक्ष कामावरून निघून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं, की अभिप्रायाची धार बोथट होते, असं त्यांचं म्हणणं. घाबरणाऱ्याला आपण नेमकं तिकडेच ढकलतो. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा अर्धा तास त्याच्या शेजारी बसावं. पहिले फोन सोप्या, ओळखीच्या गिऱ्हाइकांना. मग ‘दर जास्त वाटतो’ म्हणालेल्यांना. आणि नोंदवहीत ‘नको म्हणाले’ हे पूर्ण झालेलं काम म्हणून मांडावं. नकार मिळवणं हेही काम आहे, हे त्याला कागदावर दिसलं पाहिजे.

तिसऱ्या कारणाला, म्हणजे पगाराच्या हिशेबाला, जास्त शब्द लागत नाहीत, कारण तिथे विक्रेता शहाणा असतो. एका गोष्टीला बक्षीस द्यायचं आणि दुसरीची आशा धरायची, या मूर्खपणावर स्टीव्हन कर यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय. इन्सेंटिव्ह फक्त नव्या मोठ्या ऑर्डरवर असेल, तर तीन किलोवॅटवाल्या काकांना चौथा फोन का करावा? इयान लार्किन यांनी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या विक्रीचा अभ्यास केला, तेव्हा विक्रेते तिमाहीच्या कमिशनच्या हिशेबानं सौदे मागेपुढे सरकवतात आणि त्यासाठी गिऱ्हाइकाला जास्त सवलत देतात, असं दिसलं. इथे समुपदेशन नको, इन्सेंटिव्हचा तक्ता बदलायला हवा.

कोणतं कारण आहे हे ओळखायला सुटलेल्या फोनांची यादीच पुरते. छोटी-मोठी, गोड-तिरसट सगळीच गिऱ्हाइकं सारखी सुटत असतील तर विसरणं. जुन्यांना फोन जातात आणि हुज्जत घालणाऱ्यांना जात नाहीत, तर भीती. महिनाअखेरीला अचानक फोनांचा पाऊस पडत असेल तर हिशेब. त्याआधी एक साधी मोजणी मात्र करा: त्याच्या नावावर चालू चौकशा किती आहेत? एका माणसावर दोन-तीनशे असतील तर मानसशास्त्राकडे जाण्याची गरजच नाही, माणूस वाढवा.

आणि हे सगळं करूनही दोन-तीन महिन्यांत यादी तशीच राहिली तर? काही माणसं पहिल्या भेटीत गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवण्यात तरबेज असतात आणि त्यानंतरच्या चिकाटीत कायम कमी पडतात. त्याला छतं मोजायला पाठवा, घरच्यांशी बोलू द्या, आणि कोटेशननंतरचे फोन ऑफिसमधल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवून इन्सेंटिव्ह दोघांत वाटा. फक्त ही अदलाबदल पहिल्याच भेटीत गिऱ्हाइकाला नावानिशी सांगायला हवी, म्हणजे शनिवारी अकराला अनोळखी आवाज आला तरी काका फोन ठेवणार नाहीत.